गजराशिवाय पाच वाजता

३ फेब्रुवारी, मंगळवार
पहाटे ४.४० ला उठले. इतिहासाची चार पानं झाली. बी.ए.चा हा एकच विषय राहिलाय, दोनदा बुडाला. आता बुडाला तर पुस्तकं रद्दीत, असं ह्यांनी चारचौघांत सांगून ठेवलंय. पेपर २६ ला.
पाचला ह्यांना उठवायला गेले. एक हाक, दुसरी हाक, पांघरूण ओढलं, मग चहा तोंडाशी नेला, तेव्हा कुठं साहेब उठले. माझी वीस मिनिटं गेली.

५ फेब्रु., गुरु.
कंपनीत कुणीतरी ‘चांगल्या सवयी’ शिकवून गेलं. तेव्हापासून स्वयंपाकघराच्या दारावर ह्यांचा तक्ता. पाचला उठणे, ध्यान, फिरणे, वाचन. रोज हिरव्या पेनानं खुणा. आज नीट वाचला. माझं नाव कुठंच नाही. ‘६.१५ चहा’ एवढं आहे. तो काय आपोआप येतो?

९ फेब्रु., सोम.
आठ दिवसांनी नळाला पाणी. ५.१० ला आलं. पुस्तक टाकून पळाले. मोटार लावली, मागं जाऊन ड्रम घासत बसले. तेवढ्यात हे गच्चीवरून खाली आले अन् मोटार बंद करून परत वर! का, तर घरघरीनं ध्यान लागेना. मला कळलं तेव्हा नळ गेलेला. टाकी अर्धीच. आता आठ दिवस कपडे कशानं धुवू, ध्यानानं?
अभ्यास शून्य. तक्त्यावर मात्र चारही खुणा.

१४, शनि.
पिशोरहून सासूबाई आल्या. माझ्या हातात पुस्तक बघून म्हणाल्या, “लई शिकून कलेक्टर व्हायचंय व्हय?” मी पान उलटलं.

१८, बुध.
कमाल झाली! २६ लाच कंपनीत कार्यक्रम, सवयींवर हे बोलणार. संध्याकाळी आम्हा दोघींना समोर बसवून सराव. “मित्रांनो, गेले एकवीस दिवस मी रोज पाचला उठतोय. तेही गजराशिवाय!”
गजराशिवाय!
म्हटलं, “अहो, अन् मी कोण?”
“तू हाक मारतेस गं. पण उठतो तर मीच ना?”
डोक्यात तिडीकच गेली. सांगून टाकलं, उद्यापासून हाक बंद.
“बघच तू,” म्हणाले.
नंतर भाजी निवडताना सासूबाई हळूच, “ह्याचा बाप बी असाच व्हता. मी हलवून हलवून उठवायची, अन् तो पारावर सांगायचा, मी कोंबड्याच्या आधी उठतो.”
“मग तुम्ही काही बोलला नाहीत?”
“नाय.” अन् भाजीची जुडी पुढं ओढली.

२०, शुक्र.
काल शिवजयंतीची सुट्टी, हे आठला उठले ते खपून गेलं. आज साडेसात. कंपनीची चितेगावची बस गेली. गजर लावायचा नाही, कारण भाषण खोटं पडेल. वर मलाच, “मुद्दाम केलंस!”
हो, मुद्दाम. अकरा पानं झाली माझी.

२३, सोम.
रोज उशिरा उठतायत, अन् तक्त्यावर रोज पाचची हिरवी खूण! जरा तरी लाज? सासूबाईंनी चष्मा लावून बघितलं. “ही खूण कशाची रे?” हे पेपरात तोंड घालून बसले.

२५, बुध.
जेवताना हे म्हणाले, “उद्या सहाची बस आहे. तेवढं उठव.” विनंती होती का हुकूम, देव जाणे.
“उद्या माझा पेपर आहे.”
“हो का? उद्याच?”
तक्त्याशेजारीच कॅलेंडर. २६ भोवती लाल गोल केलाय मी, महिना झाला. संताप संताप झाला. जेवण तसंच टाकून उठले.

२६, गुरु.
४.४० ला उठले. सासूबाई माझ्याआधी उठलेल्या. चहा केला, एकच कप, माझ्यापुढं ठेवला. “तू वाच.”
पाच वाजले. आत हे घोरतायत. हात शिवशिवतोय, पंधरा वर्षं हेच केलंय. सासूबाई माझ्याकडं बघतायत, मी त्यांच्याकडं. दोघींपैकी कुणीच उठेना.
५.०७. शेवटचा धडा राहिलाय.