पांडूच्या ठेक्याला माझी वीतभर जमीन नाही

मी दौलत शामराव भिरूड, वय ५१, धंदा पाइप फिटर, मूळ राहणार रावेर, जिल्हा जळगाव, हल्ली मुक्काम कंपनीचा कॅम्प, कतीफ, सौदी अरेबिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी जबरदस्ती केलेली नाही. राग मात्र आहे, आणि तो विचारपूर्वक आहे.

१. रावेरचे घर मी माझ्या कमाईतून बांधले. ते पत्नी शालन हिला, तिच्या पश्चात मुलगी अर्चना हिला. धाकटा भाऊ पांडुरंग याने त्या घराच्या ओसरीवरही पथारी टाकू नये.

२. माझ्या नावावरची केळीची दोन एकर जमीन, तीही शालनला. पांडू बऱ्हाणपुरात सरकारी परवान्यावर भांग-गांजाचे दुकान चालवतो. नव्या ठेक्याचा लिलाव याच महिन्यात आहे आणि त्याला ही जमीन तारण हवी आहे. देऊ नये. पत्रातून तो मलाच अक्कल शिकवतो: "भाऊ, चोरून विकलं तर गुंड विकतात. सरकारने दुकान दिलं, वजन ठरवलं, कर घेतला, की सगळं चोख. आपल्या महाराष्ट्रानेही हेच करायला हवं."

असेल चोख, तुझ्या गल्ल्यापुरते. पांड्या, तुझ्या राज्याची हद्द संपली की तुझा शिक्का नुसती शाई आहे, एवढे तुला कळू नये?

३. कारण लिहून ठेवतो. गेल्या वर्षी पाठदुखीने झोप लागत नाही असे मीच घरी कळवले होते. रजेवरून परतणारा माणूस सगळ्यांची पार्सले आणतो, ही कॅम्पची रीत. ऑगस्टात माझा खोलीतला सोबती, दापोलीचा शौकत मुकादम, परत येत होता. पांडूने मुंबईला जाऊन पांढऱ्या कापडात शिवलेला डबा त्याच्या हाती दिला. आत भांगेचा पाक, झाकणावर दुकानाचा शिक्का. "औषध आहे, सरकारमान्य आहे, कोणी अडवणार नाही," असे वर सांगितले. पांडूला हे खरेच वाटत होते, हे तर आणखी वाईट. शौकतने डबा उघडून पाहिला नाही, कारण दुसऱ्याचे पार्सल उघडायचे नसते. दहरानच्या विमानतळावर तो पकडला गेला.

४. माझे पाइप रेंच, डाय सेट आणि हत्यारांची पेटी शौकतला. बँकेतली सर्व शिल्लक त्याची पत्नी शरफुन्निसा हिला. शालन, यावर भांडू नकोस, आधी पुढचे वाच.

५. पार्सल दुसऱ्याचे आहे एवढेच शौकत पोलिसांना सांगत होता. ज्याचे आहे त्याने स्वतः सांगावे, म्हणून त्याने नाव घेतले नाही. पोलिसांनी कंपनीकडे मराठी वाचणारा माणूस मागितला. चौदा वर्षांत मला कामापुरती अरबी आली आहे, म्हणून मलाच पाठवले. अधिकाऱ्याने कापड माझ्यापुढे टाकले. त्यावर पांडूच्या अक्षरात माझे पूर्ण नाव होते. शौकत चार हात अंतरावर उभा होता. "कोणाचं नाव आहे?" अधिकाऱ्याने विचारले.

मी म्हणालो, "शौकत मुकादम."

शौकत मराठी शाळेत शिकलेला आहे. त्याने माझ्याकडे पाहिले आणि तो एक शब्द बोलला नाही. सात महिने तो दम्मामच्या तुरुंगात आहे. शरफुन्निसाचे मला पत्र येते: "दौलतभाई, तुम्ही तिथे आहात म्हणून धीर आहे." पांडूचा मला संताप आहे. माझी मला किळस येते.

६. हे सगळे ऐकून आमचे इंजिनिअर श्रीकांत साहेब म्हणाले, "भिरूड, अहो, आधी रजेवर घरी जा आणि तिथून पत्र पाठवा. इथे कबूल केलंत तर खलास." घरी पोहोचलो तर मी पत्र पाठवणार नाही. मी मला ओळखतो. म्हणून उद्या शनिवारी पोलीस ठाण्यात जाऊन त्या कापडावरचे नाव पुन्हा वाचून दाखवणार आहे.

माझ्या समजुतीने, माझ्या हाताने लिहिले. सही: दौलत शामराव भिरूड

आमच्यासमक्ष सही केली:
श्रीकांत वामन गर्गे, इंजिनिअर, नाशिक
बाबाजी लक्ष्मण घाग, वेल्डर, गुहागर

कतीफ, शुक्रवार, दि. १२ मार्च १९८२