डेनीसचं कुलूप

नोव्हाय, मिशिगन
जुलै १९८६

प्रिय भाऊ, जयभीम.

तू नागपुरात वस्तीतल्या पोरांना शिकवतोस, तसा मी इथं शनिवारी ब्लॅक पोरांना गणित शिकवतो. त्यातली डेनीस इंजिनियरिंगला लागली. मीच तिला आमच्या कारखान्यात ट्रेनिंगला आणलं.

पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या आत दुरुस्तीला उतरणारा माणूस स्विचला स्वतःचं कुलूप लावतो, म्हणजे मशीन कुणी चालू करू शकत नाही. डेनीसचं कुलूप कुणीतरी दोनदा कापलं. साहेब म्हणाले, "मिस्टेक असेल." मग मी तिच्या कुलपाशेजारी माझंही लावलं. आज ते कापलेलं माझ्या टेबलावर होतं.

"सर, उद्या येऊ ना?" तिनं विचारलं. नको म्हटलं तर ती कायमची जाईल. मी ये म्हणालो.

उद्या तिच्याआधी मी आत उतरेन. हे पत्र पोस्टात टाकत नाही. सुजाताला सापडेल असं आमच्या दोघांच्या कपाटात ठेवतोय.

तुझा,
सुगत