दात निघाले, ओवी अडकली

मु. पो. राहू, मंगळवार

तीर्थरूप हौसराव मामांना राहूच्या रविराजचा वाकून नमस्कार. मामींनाही नमस्कार, आणि तुमच्या त्या मारक्या म्हशीलाही (लांबूनच). तुमचा गुडघा आता कसा आहे? तेल चोळता, की मामींना नुसतं चोळतो म्हणून सांगता? इकडे आम्ही सगळे ठणठणीत आहोत. आईची कंबर बरी आहे, हर्षदा बरी आहे, ऊस उभा आहे. तुमच्या दाजींच्या, आबांच्या तोंडात मात्र सध्या एकही दात नाही. त्याची हकीकत पुढे येईलच.

तुम्ही आमच्या घरचा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. ते सैफच्या हाती पाठवतोय. सैफ म्हणजे यवतच्या शेखलालचाचांचा मुलगा, मांडव-स्पीकरवाला, माझ्याबरोबर शाळेत होता तो. त्याला शिरूरला कामासाठी यायचंच होतं. डब्यात खोबऱ्याच्या वड्या आहेत आणि वड्यांच्या खाली हे पत्र. बहिणीच्या हातचा डबा तुम्ही रिकामा केल्याशिवाय राहणार नाही, एवढी खात्री आहे. मागच्या जत्रेतल्या त्या माईकच्या प्रकरणाबद्दल मी एक अक्षरही लिहिणार नाही. माईक एकच होता, तो आबांच्या तोंडापाशी होता, आणि त्यांच्या मागून धरलेली तुमची झील पुढच्या दोन रांगांच्या पलीकडे पोचली नाही, हे खरं. तुमच्या सुनेनं भेळेच्या गाडीजवळून परत येऊन ‘मामंजी आज गायलेच नाहीत का?’ असं चारचौघांत विचारलं, हेही खरं. पण मटणाचं ताट तसंच टाकून कुणी मोटारसायकलला किक मारतं का, मामा? तो रस्सा आई दुसऱ्या दिवशीपर्यंत झाकून ठेवत होती. असो. म्हटलं ना, लिहिणार नाही.

पत्राचं कारण तसं किरकोळ आहे. तुमच्याकडचं एखादं जाडजूड घोंगडं सैफकडे द्यावं. ते कशाला हवंय हे कळायला मागचं सगळं कळलं पाहिजे, म्हणून सविस्तर लिहितो.

आबांचे दात हलायला लागले होते. यवतच्या डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारून सांगितलं, सगळे काढावे लागतील, आणि कवळी बसेल ती जत्रा उलटून गेल्यावर. आता आपल्या वस्तीवरच्या बिरोबाची जत्रा येत्या रविवारी, आणि आबांच्या ओवीशिवाय जत्रा झाल्याचं कुणाला आठवत नाही. नुसत्या हिरड्यांनी देवाला आळवायचं, सुंबरान मांडायचं कसं? ‘बिरोबा’ म्हणताना नुसती हवाच येणार. आबा दोन दिवस जेवले नाहीत (दात असूनही). मग आमच्या हिनं, हर्षदानंच सुचवलं, की दात आहेत तोवर ओवी भरून ठेवू आणि जत्रेत स्पीकरवर लावू. माझ्याकडे लॅपटॉप होताच. रांजणगावच्या कंपनीतल्या एका मित्रानं गाणी रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर टाकून दिलं, सैफनं गळ्याला, ढोलाला, झांजेला वेगवेगळे माईक दिले, आणि आम्ही पेंडीची खोली रिकामी करून तिच्या भिंतींवर घरातली एकूण एक घोंगडी टांगली. घोंगड्यानं आवाज घुमत नाही, मामा. पुण्यातले लोक त्यासाठी भिंतीला कसले कसले फोम लावतात म्हणे. आपल्याकडे आजोबांपासूनचा माल पडून होता. वास येतो तेवढाच, पण वास रेकॉर्ड होत नाही.

आबांनी अंघोळ केली, फेटा बांधला, भंडारा लावला आणि दात काढायच्या आदल्या दिवशी अशी ओवी म्हटली की मला झांज वाजवताना भान राहिलं नाही. ढोलावर ज्ञानदेवआप्पा होते. दुसऱ्या दिवशी आबांचे दात निघाले. आणि तिसऱ्या दिवशी मला कळलं की ओवी निघत नाहीये.

लॅपटॉपमध्ये भरलेलं गाणं त्याच्याच पोटात राहतं. ते बाहेर काढून पेनड्राइव्हवर घ्यायचं तर ‘एक्सपोर्ट’ करावं लागतं. हा शब्द आबांना कांद्यामुळे पाठ आहे. फाईल अडकली म्हटल्यावर ‘सरकारनं परत बंदी घातली व्हय रं?’ असा पहिला प्रश्न बोळक्या तोंडातून आला. मी म्हटलं, बंदी नाही, बटण सापडत नाही. बटण सापडलं. आईनं दाबण्याआधी लॅपटॉपसमोर नारळ फोडला (पाणी कीबोर्डवर जाऊ नये म्हणून हर्षदा ताट आडवं धरून उभी). मी बटण दाबलं, फाईल झाली, स्पीकर लावला, सगळे सतरंजी अंथरून बसले, आणि झांज वाजू लागली. वाजत राहिली. नुसती झांज. आबा नाहीत, ढोल नाही. मी आपला एकटाच छन्न छन्न. कधीतरी माझ्या हातून झांजेच्या ट्रॅकवरचं असं एक बटण दाबलं गेलं होतं, की त्यामुळे बाकीचे सगळे गप्प झाले होते.

मी बंद करायला उठलो, तर आबांनी हात वर करून बसवलं. सुंबरान एकदा मांडलं की अर्ध्यावर मोडायचं नाही, हा आपल्या घरचा रिवाज तुम्हाला ठाऊक आहे. तो रिवाज लॅपटॉपलाही लागू आहे, हे मला त्या दिवशी समजलं. मी म्हटलं, आबा, यात सुंबरान नाहीच, नुसती झांज आहे. आबा म्हणाले, ‘तुला ऐकू येत न्हाई. माज्या मनात चाललंया.’ मग आम्ही सगळ्यांनी हात जोडून अख्खी झांज ऐकली. मधूनमधून मी चुकलोय, हेही त्यामुळे सर्वांना नीट कळलं. ज्ञानदेवआप्पा तर मान हलवून मोजत होते.

दुसऱ्या वेळी दुसरा नारळ. आवाज सगळे आले, ओवी सुरेख झाली, आईनं डोळ्याला पदर लावला. ओवी संपली, आणि फाईल चालूच. आत आवाज काही नाही, नुसती शांतता, पण काटा पुढे सरकतोय. सुंबरान संपलं असं लॅपटॉप म्हणत नाही, तोवर आबा उठू देईनात. मग पाळ्या लावल्या. हर्षदा धारा काढायला गेली तर मी बसलो, मी चहाला गेलो तर आई बसली. ज्ञानदेवआप्पा मात्र बसल्या जागी घोरत होते, त्यांची पाळी सलग धरली. शेवटी दिवेलागणीला त्या शांततेतून आईचाच आवाज आला, ‘आरं, वैरन टाकली का न्हाई?’ आणि एक कोंबडी ओरडली, आणि फाईल संपली. झालं असं होतं, की मी माईक तपासताना कुठेतरी पार लांब, उजव्या टोकाला, चिमूटभर आवाज भरून ठेवला होता आणि विसरलो होतो. त्या चिमटीपर्यंतची सगळी मोकळी जागा लॅपटॉपनं इमानदारीत बाहेर काढली. आबांनी कोंबडीलाही नमस्कार केला.

मग सैफ आला. सैफला कुठलीही गोष्ट येत नाही असं नसतं. त्यानं एका हातात नारळाचा तुकडा आणि दुसऱ्यात मोबाईल धरून सांगितलं, ‘टेन्शन नको घेऊ भावा. शांतता काढून टाका, असा एक चौकोन आसतो. त्यात टिक मार. मोकळं सगळं गळून पडतंय.’ मी टिक मारली. तिथेच शेजारी एक आकडा होता. तो मला लहान वाटला, म्हणून मोठा केला (कंपनीत क्वालिटी खात्यात असल्यामुळे आकडा दिसला की माझा हात राहत नाही). तिसरा नारळ फोडला. स्पीकर लावला, तर आतून पाचवीतला एखादा मुलगा धावतपळत ओवी म्हणतोय! सैफनं तोंडावर उपरणं धरलं, हर्षदा उठून बाहेर गेली आणि गोठ्यातून तिच्या हसण्याचा आवाज येत राहिला. आबा मात्र तल्लीन. ओवी संपल्यावर मला जवळ बोलावून विचारतात, ‘कुणाचं पोरगं हाय रं ह्ये? घाई करतंय, पन गळ्यात जान हाय. आन् की आपल्याकडं, शिकवतो त्याला.’ मामा, ते पोरगं म्हणजे आबा स्वतःच, हे त्यांना सांगायला मला धीर होईना. शेवटी आईनं सांगितलं. तर आबा म्हणाले, ‘मग बराबर हाय.’

तो आकडा गाण्याच्या वेगाचा निघाला; तो पूर्ववत केला आणि टोकाची ती कोंबडीची चिमूटही पुसून टाकली. चौथा नारळ. (आता वड्या कुठून आल्या ते कळलं ना?) या वेळी आवाज आबांचाच, ढोल खणखणीत, शेवटी कोंबडी नाही. मी सैफला टाळी दिली. पण आबांचा चेहरा पडत चालला. ओळीवर ओळ, ओळीवर ओळ, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. आणि ज्यांनी नुसती झांज हात जोडून ऐकली, कोंबडीला नमस्कार केला, ते आबा सुंबरान चालू असताना उठून उभे राहिले. घरात अशी गोष्ट पहिल्यांदाच घडली, मामा. म्हणाले, ‘माजी थांबायची जागा कुटं गेली?’

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रेकॉर्डिंगच्या वेळी आबा प्रत्येक ओळीनंतर थांबत होते. हात वर करून ढोल-झांज थांबवायचे आणि उजवीकडे मान करून गप्प बसायचे. मला वाटलं, वय झालं, दम घेतायत. ते दम घेत नव्हते. ती झिलेची जागा होती. आपल्याकडे शेवटचा शब्द तुम्ही त्यांच्या उजवीकडून झेलता आणि लांबवत नेता, तेव्हा वाद्यं गप्प असतात, नुसता तुमचा गळा चालतो. आबांनी तेवढा तेवढा वेळ प्रत्येक ओळीला मोकळा सोडला होता, एकाही ओळीला न चुकता. आणि मी टिक मारून ते सगळं केरासारखं काढून टाकलं होतं. मला फार वाईट वाटलं, मामा. खरंच वाटलं.

टिक काढली. पाचवी फाईल अगदी जशी म्हटली तशी निघाली, जागांसकट. सैफ म्हणाला, ह्या मोकळ्या जागा लोकांना विचित्र वाटतील, आबांचाच आवाज कापून तिथं चिकटवतो, पाच मिनिटांचं काम. आबा म्हणाले, ‘माजी झील मीच धरू? मग मागं लगीन बी माज्याशीच लावायचं व्हतं.’ हर्षदा म्हणाली, यांना म्हणू द्या. आबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि विषय संपवला. झांज ऐकलेली आहे त्यांनी माझी.

तर अशी हकीकत. फाईल आता पेनड्राइव्हवर आहे, पेनड्राइव्ह देवघरात आहे आणि आबा भाकरी दुधात कुस्करून खातायत. मामींना पुन्हा नमस्कार, म्हशीची क्षमा मागतो, वड्या कशा झाल्या ते कळवा.

तुमचा भाचा,
रविराज

ता. क. घोंगड्याचं लिहायचं राहिलं. पेंडीच्या खोलीत दाराकडची एक बाजू अजून उघडी आहे. ते घोंगडं सैफकडे देऊ नका, त्याला सांभाळता येणार नाही. तुम्ही स्वतः खांद्यावर टाकून शनिवारी सकाळी या. दुपारी तुमची झील भरून घेऊ, संध्याकाळी एक्सपोर्ट. आईनं नारळ आणून ठेवलाय.

आणखी ता. क. तुमच्यासाठी माईक वेगळा आहे. सैफनं त्याच्यावर खडूनं ‘मामा’ असं लिहिलंय. तो आबांच्या हाती लागू नये, ही जबाबदारी हर्षदानं घेतली आहे.

शेवटचं ता. क. हे पत्र मी माझ्या मनानं लिहिलं, आबांना पत्ता नाही, असं लिहून पाकीट बंद करणार होतो. पण आबा मघापासून मागे खाटेवर बसून हर्षदाकडून एकेक ओळ वाचून घेत होते. ते म्हणतील तसं लिहायला त्यांनी सांगितलंय, म्हणून लिहितो: ‘त्याला लिव, हौसराव न्हाई आला तर कुणी बी झील धरायची न्हाई. रविवारी हीच फाईल लावायची, चारी कर्ण्यांवर, मोकळ्या जागंसकट. दर वळीला समद्या वस्तीला ऐकू जाऊ दे, कोन आलं न्हाई त्ये.’