फोल्डर कोणाच्या नावावर

२ मार्च

चि. खारूताईस मावशीचे अनेक आशीर्वाद.

तू आणि तुझ्या आईचा गुडघा, दोघंही बरे असाल असं धरून चालते. मी ठीक आहे. रागावलेली माणसं सहसा ठीकच असतात. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू घाईत गिळतेस, म्हणून हे पत्र.

रक्तपेढीतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी दुर्मिळ रक्तगटाच्या दात्यांची कार्डं मीच सांभाळते, हे तू जाणतेस. आता नव्या व्यवस्थापकांना माझ्या कपाटाच्या जागी सोफा हवाय. एकतीस तारखेला कपाट भंगारात आणि कार्डं पोत्यांत भरून तळघरात. म्हणून नवी नर्स आणि मी हिवाळाभर बसून दोन हजार तीनशे कार्डं तू बसवून दिलेल्या त्या डेटाबेसमध्ये चढवली. मग डिस्क भरली. तू मागे लिहिलं होतंस तसं सगळं फोल्डर मी नव्या डिस्कवर, माझ्या मोठ्या फोल्डरच्या आत नेलं आणि जुन्या जागी तिकडे नेणारी सिमलिंक ठेवली. तेव्हापासून डेटाबेस सुरूच होत नाही. परवानगी नाही म्हणतो. यादी माझी, आणि परवानगी याची.

उत्तर उलट टपाली धाड. माया आहेच, ती उत्तरावर अवलंबून नाही.

मावशी

६ मार्च

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

आईचा गुडघा बरा आहे. तुझं पत्र वाचून ती इतकी हसली की आणखीच बरा झाला.

सिमलिंक म्हणजे ‘कार्यालय मागच्या इमारतीत हलवले आहे’ अशी पाटी. पाटी तू नीट लावलीस. पण डेटाबेस तुझ्या नावाने काम करत नाही. यंत्रात त्याचं स्वतःचं वेगळं खातं असतं. तो बिचारा पाटी वाचून मागच्या इमारतीशी येतो, तर तुझं मोठं फोल्डर बंद. कुणाला आत घेत नाहीस ना तू. ते त्याला जाण्यापुरतं उघड. आतलं यादीचं फोल्डर तू नेलंस म्हणून तुझ्या नावावर झालंय, ते त्याच्या नावावर कर. दोन्ही आज्ञा वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिल्यात. त्या तशाच दे, मधे स्वतःचं डोकं चालवू नकोस.

राग ओसरला तरी लोभ राहू दे.

तुझी खार

११ मार्च

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

तुझा कागद पाळला. बहुतेक पाळला. मोठं फोल्डर जाण्यापुरतं उघडलं. नाव बदलण्याऐवजी मात्र यादीच्या फोल्डरवर सगळ्यांना सगळी परवानगी देऊन टाकली. म्हटलं, आता तरी याचं समाधान होईल. तर म्हणे, परवानगी फार सैल आहे, मी सुरू होणार नाही. आधी दार बंद म्हणून रुसला, आता दार सताड उघडं म्हणून रुसला. असा जावई कुणाला मिळू नये.

हसू नकोस. सोमवारी प्रसूतीच्या एका बाईला दुर्मिळ गटाचं रक्त तातडीने लागलं. व्यवस्थापकांच्या उत्साही माणसांनी निम्मी कार्डं आधीच पोत्यांत कोंबलेली. नर्स आणि मी फरशीवर बसून अडीच तास शोधत होतो. दाता मिळाला, बाई वाचली. पण अडीच तास, खारू. एकतीस तारखेनंतर तर तळघरात उतरावं लागेल, आणि माझे पाय आता दोन जिन्यांचे राहिले नाहीत.

लवकर लिही. माया कणभर कमी नाही.

मावशी

१५ मार्च

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

सोमवारचं वाचून मी दोनदा पाणी प्यायले.

सैल परवानगी डेटाबेसला चालत नाही, कारण यादीत लोकांचे पत्ते आणि आजार आहेत; कुणीही येऊन ते बदलावेत असं तुलाही चालणार नाही. कॉन्व्हेंटात शिस्त शिकलेल्या बाईला हे मी सांगावं का? गोष्ट पुन्हा नावावरच येते. खरं सांग मावशी, ती आज्ञा तू का दिली नाहीस? निवृत्तीला सहा वर्षं झाली तरी त्या कपाटाची किल्ली तू पदराशी बांधून फिरतेस, हे आईने मला सांगितलंय. फोल्डरचा मालक म्हणजे यादी जमवणारा नव्हे. रोज हजर राहून ती वापरतो, तो. तुझ्या पायांना जिना झेपत नाही, त्या दिवशी यादी कुणी काढायची?

उलट बोलले, माफ कर. पण लोभातली वजावट करू नकोस.

तुझी खार

२४ मार्च

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

उलट बोललीस. दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात अबोला धरला. तुला कळलंही नसेल, हा पत्रांचा तोटा.

आता ऐक. ती आज्ञा मी पहिल्याच दिवशी दिली होती. मग चहा प्यायला गेले, परत आले, तर माझ्या यादीपुढे परक्याचं नाव. ते बघवेना. मुकाट्याने परत माझं नाव लावलं आणि तुला थाप मारली. कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी खोटं बोलायला शिकवलं नव्हतं, ते मी स्वतः कमावलं.

शुक्रवारी नर्सला शेजारी बसवलं. फोल्डर डेटाबेसच्या नावावर केलं, परवानगी फक्त त्याच्यापुरती ठेवली. सुरू करायची कळ तिला दाबू दिली. सुरू झाला. आम्ही सर्वांत दुर्मिळ गट विचारला, तर डोळ्याची पापणी लवायच्या आत अकरा नावं आली. पहिलं माझं. पासष्टीनंतर माझं रक्त कुणी घेत नाही, तेव्हा माझ्या नावापुढे ‘आता नको’ असं मीच लिहवून घेतलं. कपाटाची किल्लीही तिला दिली, एकतीस तारखेपर्यंतची का होईना.

ता.क. पाकीट चिकटवायच्या आधी नर्सचा निरोप आला. सकाळी पुन्हा तातडीची मागणी आली होती. तिने एकटीने दाता शोधला, चार मिनिटांत. मला कुणी बोलावलंसुद्धा नाही. अर्धा तास भयंकर राग आला. मग लक्षात आलं, त्या वेळी मी कुंड्यांना पाणी घालत होते, आणि गेल्या तीस वर्षांत पहिल्यांदा एकही कुंडी अर्धवट सोडून धावावं लागलं नव्हतं.

मावशी