टिप्याची गाठ आणि मागची खोली

मी, गिरधर नथ्थू पाटील, वय ७४, राहणार अमळनेर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. माझी बुद्धी स्थिर असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. कुत्र्याच्या बाबतीत ती स्थिर नाही, हे मीच सांगतो.

१. राहते घर आणि बँकेतली ठेव धुळ्याला दिलेली माझी मुलगी मोहिनी हिला. तेलाच्या मिलमधले माझे पाने-पक्कड जावयाला. त्याने ते गंजवू नयेत.

२. मागच्या खोलीत माझी विधवा बहीण यशोदाबाई राहते. तिला तिथे ठेवणार नाही, असे मी दिवाळीत चारचौघांत बोललो होतो. कारण आमचा कुत्रा टिप्या. त्याच्या जबड्याखाली सूज आली आणि मी गावाला गेलेलो असताना हिने घरगुती उपाय म्हणून त्या सुजेवर बिब्बा लावला. कातडी भाजून सोलली, सूज वाढली. धुळ्याच्या डॉक्टरांनी सुई घातली तर चिकट लाळ निघाली. म्हणाले, लाळेची नळी फुटली, बिब्ब्यानेही असेल. जळगावच्या डॉक्टरांना सुईत वेगळ्याच पेशी दिसल्या. म्हणाले, लाळग्रंथीची गाठ असावी, कुत्र्यांत क्वचित होते, तुकडा तपासावा लागेल. तुकडा पाठवला. उत्तर आले, भाजलेल्या कातडीमुळे काही ठरत नाही, खोलवरचा पाठवा. तोही पाठवला आहे.

यशोदा एकच सांगते, "भाऊ, मी बिब्बा लाया तवय गाठ व्हतीच." असेल. नसेलही. मी वकिलांना म्हणालो, गाठ निघाली तर दोष बिब्ब्याचा नाही, खोली तिची, नाहीतर नाही, असे लिहा. ते म्हणाले, नाना, कुत्र्याच्या रिपोर्टवर बहिणीचे छप्पर टांगू नका.

३. टिप्या अजून तिच्याच उंबऱ्यावर झोपतो, तिच्याच हातची कुस्करलेली भाकरी खातो. त्याला कळत नाही की मला, हेच कोडे मला सुटत नाही. मागची खोली यशोदाबाईला, ती आहे तोवर. टिप्याही तिलाच. बिब्बा मात्र पुन्हा लावू नये.

४. यशोदाबाई साक्षीदार म्हणून सही करायला पुढे आली. वकील म्हणाले, ज्याला मिळते त्याने साक्ष द्यायची नसते. तिने पेन वकिलांकडे परत दिले. मग म्हणाली, "रिपोर्ट उना का, भाऊ?"

मी सांगितले, "नही उना." रिपोर्ट यायच्या आधीच खोली दिली, हे तिच्यादेखत इथे लिहून घेतले आहे.

ठिकाण: अमळनेर
दिनांक: १८ फेब्रुवारी २०२५

सही: गिरधर नथ्थू पाटील

साक्षीदार:
१. हेमराज चुडामण पाटील, शेजारी
२. चंदन देवचंद वाणी, मिलमधले जुने सोबती