रेवणप्पाचा टेनिसचा कोपर

लातूर, चैत्र, सन १९८३

तीर्थस्वरूप गौरम्मा अक्का यांस,

धाकटा भाऊ रेवणप्पा याचे शरणु शरणार्थ. भोकरला तुम्ही, दाजी आणि लेकरंबाळं खुशाल असाल. आमची खुशाली विचारू नका. माझा उजवा हात गेला. म्हणून पत्र मी सांगतो आणि शिवकांता लिहिते. (अक्का, हात जागेवर आहे. मी त्यांची बायको, रोज बघते.)

झालं असं, की पाऊस नाही, नळ कोरडे, आणि अख्ख्या गल्लीला एकच हापसा, तोही लई जड. त्याचा दांडा मारून मारून माझ्या कोपराच्या बाहेरच्या हाडात कळ भरली, ती मनगटापर्यंत उतरली. दुकानात तराजू उचलेना, कपबशी हातात थरथरू लागली. मला वाटलं, लकवा. शेजारचे शेषेराव म्हणाले, "लकवा न्हाई, काळजाचं दुखणं हाय. हातात उतरतं ते." मी तिथंच दुकानाच्या किल्ल्या हिच्या हवाली केल्या. (गल्ल्याची सोडून.)

आधी एक चोळणारा आणला. त्यानं हात धुण्यासारखा पिळला, दुखणं दुप्पट झालं. मग डॉक्टर गाठले. त्यांनी मधलं बोट ताठ धरायला लावून वरून दाबलं. मी ओरडलो, तसे ते खूश होऊन म्हणाले, "टेनिस एल्बो!"

मी म्हटलं, "साहेब, मी किराणा विकतो."

ते हसले. म्हणाले, मनगट वर उचलणारे स्नायू दोरीसारखे कोपराच्या हाडाला बांधलेले असतात. सारखा ताण पडला की ती दोरी तिथं उसवते. लकवा नाही, काळीजही नाही. कोपराखाली पट्टा बांधा, चोळू नका, वजन तळहात वर करून उचला, कळ कमी झाली की मनगटाचा हलका व्यायाम करा. बरं व्हायला काही महिने लागतील.

पण गल्लीत बातमी पोचली ती अशी : "लातूर जिल्हा झाला अन् रेवणप्पा साहेब लोकांत टेनिस खेळायलाय! हितं प्यायला पानी न्हाई!" गिऱ्हाइकं तोंड फिरवून पुढच्या दुकानात जातात. अक्का, मला घास गोड लागत नाही. हापसा आता शिवकांता मारते आणि मी बाजूला उभं राहून दांडा कसा धरावा ते तिला सांगतो. (सांगतात.)

तुमचा,
रेवणप्पा

ता. क. : नवा जिल्हा बघायला तुम्ही सगळे उन्हाळ्यात येणार असं कळलं. आनंदच आहे. पण जिल्ह्यात बघण्यासारख्या अजून नुसत्या पाट्याच आहेत, आणि माझा हात हा असा. दिवाळीला आलात तर बरं.

ता. क. (हा यांना वाचून दाखवला नाही) : अक्का, खुशाल या, थोरल्या सुनेला नक्की आणा. हापशाला हात पाहिजेत. यांचं दुखणं खरं होतं, पण उतरत चाललंय. काल कळशी उचलली आणि ओरडायचं विसरले. परवापासून माझा कोपर धरलाय. यांना बोलले नाही. कळलं तर घाबरून तुम्हाला पत्र सांगायला बसतील, आणि तेही मलाच लिहावं लागेल.

— शिवकांता