पाहुण्याच्या ताटात

१४ जाने., मंगळवार
वरची वाडी. चढावर फिरत्या दवाखान्याची जीप दोनदा बंद. रुपालीला चौथा महिना लागला. पहिल्या खेपेला बी.पी. चढून झटके आले होते, डोलीतून खाली पोलादपूरला आणेपर्यंत मूल गेलं. यावेळी दर मंगळवारी तपासणार, असा तिच्या सासूला, अनसूयाकाकूंना, शब्द दिलाय.
पुढच्या मंगळवारी परदेशी पाहुणा. दरड कोसळली त्या वर्षापासून जीप, गोळ्या, माझा पगार, सगळं त्याच्या संस्थेच्या निधीवर. पुढे द्यायचा की नाही, ते तो वाडी बघून ठरवणार. काकूंना सांगून आले, जरा नीटनेटकं ठेवा.

२१ जाने.
नीटनेटकं! वाडीने लग्नघर केलं होतं. अंगणं सारवलेली. खालच्या गावातून खुर्च्या डोक्यावरून आणलेल्या. मुंबईकरांच्या बंद घरातला टीव्ही काकूंच्या ओटीवर. कोंबडी-वडे. रुपाली लग्नातल्या शालूत. खोकणारे दोघे म्हातारे मागे गोठ्यात झोपवलेले, आवाज येऊ नये म्हणून.
पाहुण्याने विचारलं, अडचणी काय? आमच्या संस्थेच्या मॅडमनी मराठीत विचारलं. काकू म्हणाल्या, "काय नाय. देवाच्या दयेनं सगळं बरं हाय." रुपालीही तेच. मॅडमनी डोळे वटारले, कुणी बघेना. मी वडे वाढत होते. मी तरी बोलायला हवं होतं. नाही बोलले. पाहुणा खूश, पाच वडे खाल्ले.
निघताना काकूंना विचारलं, असं का केलंत? "पावण्याच्या ताटात रडगाणं वाढतात काय गो?"

११ मार्च
पत्र आलं. वस्तीची स्थिती समाधानकारक, लोक आनंदी, निधी अधिक गरजू भागाकडे वळवत आहोत. मॅडमनी दोनदा वाचलं, चष्मा काढून ठेवला. रुपालीचे जुने कागद जोडून उत्तर पाठवलंय. मला आशा नाही. स्वतःचीच चीड येते. नीटनेटकं ठेवा म्हणे!

२५ मार्च
शेवटची फेरी. ओटीवर सगळ्यांना सांगितलं, जीप बंद. मग काकू, अगदी हळू, "वडे कडक झालेले काय?"
हसू आलं आणि मग रडूच आलं, सगळ्यांसमोर.
"परत बोलवा त्याला. या टायमाला बोकड कापू."
म्हटलं, बोकड नको काकू, खरं सांगा. तर फणकारल्या, "घरचं दळिद्दर परक्याला दाखवायचं?"
रुपालीचं बी.पी. किंचित वर. गोळ्या दिल्या, महिनाभर पुरतील. मग काय ते...

७ एप्रिल
बी.पी.चं मशीन, औषधांच्या पेट्या, सगळं जमा केलं. मला महाडला खासगी दवाखान्यात नोकरी मिळाली. रविवारी सुट्टी. मंगळवार आला की उगाच लवकर जाग येते.

१२ मे
मॅडमचा फोन. उत्तर आलं, वाडीलाही कळवलंय. दुसरा पाहुणा पाठवतील, पण दिवाळीनंतर, रस्ते सुकल्यावर. रुपालीचे दिवस भरतात आषाढात. तेव्हा वाडीचा रस्ता नसतो, नुसता चिखल.

१ जून, रविवार
एसटीने फाट्यापर्यंत, पुढे दोन तास चढण. मशीन दवाखान्यातून मागून आणलंय. न कळवता येणार होते, पण फाट्यावरच्या दुकानदाराने फोन केला असणार. अंगण ओलं, नुकतं सारवलेलं. गोठ्याशी बोकड बांधलाय, दिवाळीच्या पाहुण्यासाठी.
हे ओटीवर बसून लिहितेय. आत तेलाचा वास. आधी मी आले की काकू कोरा चहा देऊन कामाला लागायच्या. आज खुर्ची दिली. माझ्यासाठी खुर्ची!
रुपाली समोर बसलीय. शालू नेसलीय. तोंड सुजलंय, बी.पी. चढल्यासारखं. पाय शालूखाली ओढून घेतलेत. दोनदा म्हटलं, पाय दाखव, हात पुढे कर.
"बरी हाय मी, ताई. आधी जेवा."
मशीन पिशवीतच आहे. काकू ताट घेऊन आल्या.